दारातून परतलेला विद्यार्थी

धाराशिव जिल्ह्यात जून महिना उजाडला म्हणजे घराघरांतून दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक मृगाच्या पावसाची आणि दुसरी महाविद्यालयाच्या प्रवेशयादीची. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी याव्यात हा आमच्या भागाचा योगायोग आहे, आणि पुष्कळदा तो दुर्योगही ठरतो. पेरणीची घाई असलेल्या घरात मुलाच्या कागदपत्रांसाठी तालुक्याला दोन खेपा घालण्यास सवड कोणाला? अर्ज भरणारी, नाव नोंदवणारी, कागदांचा पहिला संच देऊनही जाणारी काही मुले पुढे येतच नाहीत. पूर्वी कारकून अशा नावापुढे आडवी रेघ ओढीत असे. आता अर्ज संगणकावर भरला जातो, त्यामुळे ती रेघही कोणास दिसत नाही.

ज्याने शिक्षणाकडे कधी पाहिलेच नाही, त्याच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. जो दारापर्यंत आला आणि परत फिरला, त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. वस्तुतः अशा विद्यार्थ्याने इच्छा बोलून दाखविलेली असते, अर्ज केलेला असतो, आपला पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक आपल्या हाती दिलेला असतो. अशाला परत बोलावण्याचे काम समाजाने कसकसे केले, आणि आता तेच काम चॅटबॉट नावाच्या संवादयंत्रावर सोपविताना आपण कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. विषय नवा दिसतो, परंतु त्याचे मूळ जुने आहे आणि त्याचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून निघतो.

ज्या निजामाच्या नावावरून धाराशिवास उस्मानाबाद म्हणत, त्याच्याच नावाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेस सुरू झाले. त्याचे माध्यम उर्दू होते. परांडा, भूम, कळंब किंवा उमरग्याच्या मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षण हवे असेल, तर एक तर परक्या माध्यमातून हैदराबादेस शिकावे, नाही तर संस्थानाची हद्द ओलांडून सोलापूर वा पुणे गाठावे, अशी स्थिती होती. त्या काळात दारातून परतण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण दारच फार दूर होते.

अशा काळात १९२१ साली हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. हे गाव आज लोहारा तालुक्यात आहे. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते नेते झाले. सरकारी नोकरीचे आमिष या शाळेपाशी नव्हते. आपल्या मुलाला अशा शाळेत घालावयाचे म्हणजे बापाची समजूत पटावी लागणार. आणि भिंतीवर कागद डकवून कोणाची समजूत पटत नसते, ती ओसरीवर बसून, घरची अडचण ऐकून घेऊन पटवावी लागते. हिप्परग्याच्या शाळेकडे आम्ही या दृष्टीने पाहतो. तेथे शिक्षक आणि पालक यांच्यामध्ये सूचनाफलक उभा नव्हता.

पश्चिम महाराष्ट्रात हेच कार्य कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार मोठ्या प्रमाणावर केले. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. मुलगा शाळेत का येत नाही याचे उत्तर त्यांनी मुलाच्या आळसात शोधले नाही. त्याला जेवावयास व राहावयास जागा नाही, हे ओळखून त्यांनी प्रथम ती सोय केली. त्यांच्याच परंपरेत तयार झालेल्या बापूजी साळुंखे यांनी १९५४ साली कोल्हापुरास स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली, आणि त्या संस्थेचे रामकृष्ण परमहंस महाविद्यालय धाराशिवात उभे राहिले. साताऱ्याच्या वसतिगृहाचा वारसा अशा रीतीने आपल्या गावापर्यंत येऊन पोचला.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यात शिक्षणाची दारे भराभर उघडली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ साली त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले, आणि २००४ साली त्याचे उपकेंद्र खुद्द धाराशिवात आले. १९८६ साली तुळजापुरास टाटा समाजविज्ञान संस्थेने आपले ग्रामीण केंद्र उघडले. १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, घर सोडता न येणाऱ्यासाठी पुस्तक घरी पाठविण्याची सोय केली.

हा सारा प्रवास अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. तथापि त्यात एक गोष्ट आपल्या नकळत हातची गेली. दार जसजसे जवळ आले, तसतशी हाक क्षीण होत गेली. महाविद्यालय तालुक्यातच आहे, ज्याला गरज असेल तो येईल, ही भावना बळावली. ओसरीची जागा सूचनाफलकाने घेतली, आणि फलकाला प्रश्न विचारता येत नाही.

आता यंत्राकडे वळू. मनुष्याशी लिखित संभाषण करणारे पहिले प्रसिद्ध यंत्र अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी तयार केले. १९६६ साली त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव त्यांनी एलायझा ठेवले होते, शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुलवालीच्या नावावरून. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' मराठी रंगभूमीवर आणली. म्हणजे जगातील पहिले संवादयंत्र हे नात्याने आपल्या मंजुळेची बहीणच लागते. बोलणे शिकविले तर ती बोलेल, ही त्या नावामागील कल्पना होती.

एलायझाची युक्ती अगदी साधी होती. समोरच्याच्या वाक्यातील एखादा शब्द ती पकडी आणि त्याचाच प्रश्न करून परत देई. कोणी आईचे नाव काढले की घरच्या माणसांविषयी अधिक सांगा, असे ती म्हणे. तिला कळत काहीच नव्हते. तरीही ज्या चिटणीस बाईंनी हे यंत्र तयार होताना स्वतः पाहिले होते, त्यांनी काही वाक्यांनंतर वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. त्यांना एकांतात बोलावयाचे होते. वायझेनबाउम पुढे अशा यंत्रांचे कठोर टीकाकार झाले, त्यात या अनुभवाचा वाटा मोठा होता. आपल्या विषयापुरता याचा बोध दुहेरी आहे. जी गोष्ट माणूस माणसापुढे संकोचाने बोलत नाही, ती तो यंत्रापुढे बोलतो. आणि म्हणूनच जो हे यंत्र चालवितो, त्याच्यावर कोणाच्या तरी गुपिताची जबाबदारी येऊन पडते.

यानंतर अर्धशतकाने, २०१६ साली, अमेरिकेतील अटलांटा शहरी जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने असेच यंत्र विद्यार्थ्यांना बोलावण्यासाठी वापरले. विद्यापीठाचे मानचिन्ह असलेल्या पँथरच्या नावावरून त्याला पाउन्स म्हणत. प्रवेश मिळूनही उन्हाळ्याच्या सुटीनंतर हजर न होणारे विद्यार्थी हा त्यांचाही प्रश्न होता, आणि त्याची कारणे ऐकली तर आपल्यालाच ओळखीची वाटतील: मदतीचा अर्ज अपुरा, लसीकरणाचा दाखला राहिलेला, वसतिगृहाचे ठरलेले नाही. काही विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून यंत्राचे निरोप पाठविले, इतरांशी नेहमीसारखा व्यवहार ठेवला. यंत्राने त्या एका उन्हाळ्यात दोन लाखांहून अधिक निरोपांना उत्तरे दिली. लिंडसे पेज आणि हंटर गेल्बाख या संशोधकांनी २०१७ साली निष्कर्ष मांडला की, ज्यांनी त्याच विद्यापीठात येण्याचे ठरविले होते त्यांच्यातील गळती यामुळे सुमारे २१ टक्क्यांनी घटली.

येथेच थांबलो असतो तर यंत्राचा जयजयकार करून व्याख्यान संपविता आले असते. परंतु २०१९ साली दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्यात आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मदतीचा अर्ज भरा, असे निरोप मोठ्या मध्यवर्ती संस्थांकडून पाठविण्यात आले. निरोपांची भाषा निरनिराळ्या प्रकारे बदलून पाहिली. निष्पन्न काय झाले? ना मदत घेणाऱ्यांची संख्या वाढली, ना महाविद्यालयात जाणाऱ्यांची.

एकच साधन एका ठिकाणी फळले आणि दुसऱ्या ठिकाणी वांझ का ठरले? आमच्या मते उत्तर असे आहे. अटलांट्याच्या निरोपामागे विद्यार्थ्याच्या ओळखीचे विद्यापीठ होते, त्या विद्यार्थ्याचा नेमका कोणता कागद राहिला आहे हे त्याला ठाऊक होते, आणि उलट विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथून मिळत होते. आठ लाखांना गेलेला निरोप मात्र दुरून आला होता. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची परीक्षा घेतली ती प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतंत्र थापटणे मारून, ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. मडके पक्के आहे की कच्चे, हे साऱ्या आव्याकडे एकदम पाहून कळत नाही. हाकही तशीच आहे. ती ओळखीची आणि नेमकी असेल तरच माणूस वळून पाहतो.

आता धाराशिवातील एखाद्या महाविद्यालयाने असे संभाषण रचावयाचे ठरविले, तर ते कसे असावे? पहिला निरोप पुष्कळदा असा लिहिला जातो: प्रवेशाची अंतिम संधी, जागा मर्यादित, त्वरा करा. हा निरोप साड्यांच्या सवलतीच्या जाहिरातीहून वेगळा नाही, आणि विद्यार्थी तो तसाच बाजूला सारतो. त्याऐवजी असे लिहून पाहावे: 'नमस्कार. तुमचा बी.एस्सी.चा अर्ज आमच्याकडे आहे. त्यात फक्त उत्पन्नाचा दाखला राहिला आहे. तो काढताना काय अडले? हे उत्तर यंत्र देत आहे. माणसाशी बोलावयाचे असेल तर "माणूस" एवढेच लिहा.' यात धमकी नाही. उरलेले काम एकच आहे हे कळते, प्रश्नही एकच आहे, आणि बोलणारा कोण हे लपविलेले नाही.

'का आला नाहीत?' आणि 'काय अडले?' या दोन प्रश्नांतील अंतर मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्यात दोष विद्यार्थ्याचा, दुसऱ्यात अडचणीचा. दारातून परतलेल्या मुलाच्या मनात शरम असते. आपण सांगितले आणि केले नाही ही ती शरम. एक वर्ष लोटले तर ती दुणावते. म्हणून मागील वर्षी अर्ज करून न आलेल्याला निरोप पाठविताना झाल्या वर्षाचा जाब विचारू नये. अर्ज जपून ठेवला आहे, यंदा पुढे न्यावयाचा का, एवढेच म्हणावे. शिक्षणात खंड पडला तर प्रवेशासाठी कोणता जादा कागद लागतो, तेही त्याच निरोपात सांगावे.

यंत्राने अडचणींची वाट आधी पाहून ठेवली पाहिजे. दाखला म्हटले तर सेतू केंद्रात काय काय न्यावे लागते ते सांगावे. पैशाचे म्हटले तर शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा व कोठे भरावयाचा ते सांगावे. येथे अर्धवट माहिती घातक ठरते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय काढला. परंतु तो केंद्रीय प्रवेशपद्धतीने भरल्या जाणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी होता. मुलींना सारे फुकट आहे एवढेच ऐकून जी मुलगी भलत्याच खिडकीपुढे उभी राहील आणि परत फिरेल, ती दुसऱ्यांदा येणार नाही. आजची नवी यंत्रे भाषा सफाईने बोलतात, परंतु ठाऊक नसलेले उत्तरही तितक्याच सफाईने ठोकून देतात. म्हणून शुल्क, तारखा आणि सवलती यांविषयी कचेरीने तपासून दिलेल्या मजकुराबाहेर यंत्राने एक शब्दही बोलू नये. माहीत नसेल तर विचारून सांगतो म्हणावे, आणि खरोखरच कोणी तरी विचारून सांगावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. आपल्या खेड्यांत मुलीने अर्जात दिलेला क्रमांक बहुधा तिचा नसतो; तो वडिलांचा, भावाचा किंवा चुलत्याचा असतो. निरोप प्रथम वाचतो तो दुसराच कोणी. अशा वेळी उत्तरासाठी दिलेल्या पर्यायांत 'घरचे नको म्हणतात' असे शब्द घातले आणि ते बापाच्या डोळ्यांपुढे आले, तर मुलीची बाजू बळकट होण्याऐवजी तिच्यावरच राग निघेल. त्याजागी 'घरी अजून बोलणे चालू आहे' असे लिहिले तर अर्थ तोच राहतो आणि कोणाचा मान जात नाही. असे उत्तर आले की यंत्राने बाजूला व्हावे आणि एखाद्या प्राध्यापिकेने त्या घरी जावे, निदान दूरध्वनी करावा. लग्न ठरते आहे, वडील ऊसतोडीला जाणार आहेत, धाकट्या भावंडांना सांभाळावयास कोणी नाही, या गोष्टी यंत्राने ऐकाव्यात. त्यांवर सल्ला मात्र देऊ नये. बारावी झालेली पुष्कळ मुले अठरा वर्षांच्या आतली असतात, आणि त्यांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी, असे २०२३ साली संसदेने संमत केलेला कायदा सांगतो. तेव्हा पालकाला वगळून संभाषण करता येणार नाही. त्याला वाचून कळेल, आणि वाचता येत नसेल तर ऐकून कळेल, अशीच त्याची भाषा ठेवावी लागेल.

वेळेचेही तसेच. दुपारी रानात असलेल्या माणसाला निरोप पाठवून उपयोग नाही. दिवेलागणीनंतर, गुराढोरांचे आटोपल्यावर फोन हातात येतो. भरपूर पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या जिल्ह्याचे लक्ष पेरणीकडे असते, हे ज्याला कळत नाही त्याने येथे संवादयंत्र रचू नये. दोन निरोपांना उत्तर आले नाही तर तिसरा काही दिवस थांबवावा, आणि नको म्हटले तर कायमचे थांबावे. तगादा लावणाऱ्याला आपल्याकडे सावकार म्हणतात, शिक्षक म्हणत नाहीत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. महाविद्यालये हे सारे करतील ते विद्यार्थ्यासाठी की रिकाम्या बाकांसाठी? विद्यार्थिसंख्या घटली तर तुकडी धोक्यात येते आणि शिक्षकांचा कार्यभार कमी होतो, हे उघड गुपित आहे. अशा निकडीतून निघालेल्या हाकेला विद्यार्थ्याच्या हिताचा मुलामा देणे सोपे असते. याची कसोटी आम्ही एकच मानतो. ज्याला लवकर कमवावयाचे आहे, त्याला हे यंत्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा पत्ता सांगते का? जिला घर सोडता येत नाही, तिला मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचे नाव देते का? शेजारच्या महाविद्यालयात हवा तो विषय आहे, हे कबूल करते का? सांगत असेल तर ती शिक्षकाची हाक आहे. सांगत नसेल तर तो बाजारातला पुकारा आहे, मग त्याची भाषा कितीही मधाळ असो.

ही कसोटी महाविद्यालयांनी स्वतःला लावावी, ही अपेक्षा आहेच. पण ती आपण नागरिकांनीही लावावयास हवी. व्याख्यानाला येणाऱ्या आपल्यांपैकी कोणी संस्थेच्या मंडळावर आहेत, कोणी निवृत्त शिक्षक आहेत, कोणी नव्या मुलांचे आजोबा-आजी आहेत. आपल्या गावातील महाविद्यालयाला आपण एवढे तरी विचारू शकतो की, यंदा अर्ज करून किती मुले आली नाहीत, आणि त्यांपैकी किती जणांना कोणी विचारले. हा आकडा फलकावर लागला तर फलकाचाही पहिल्यांदाच उपयोग झाला असे म्हणता येईल.

यंत्र हिप्परग्याच्या शाळेची जागा घेईल, असे आम्हांस वाटत नाही. मात्र हजार अर्जांपैकी कोणाचा दाखला राहिला, कोणाला बसच्या पासाची माहिती हवी, कोणाला वसतिगृहाचा अर्ज सापडत नाही, हे किरकोळ पण जीवघेणे प्रश्न त्याने सोडविले, तर उरलेल्या वीस-पंचवीस घरांच्या ओसरीवर जाऊन बसण्यास शिक्षकाला वेळ सापडेल. तेवढ्यासाठी यंत्र आणावे. आणि त्या ओसरीवर गेल्यावर त्याने विचारावयाचा प्रश्नही तोच आहे, जो आधी यंत्राने विचारला होता: बाळ, काय अडले?